कामाचं तेवढं सोडा

मित्रांनो, मी नापास झालेली पेटी आहे. नापास म्हटल्यावर तुमच्यातल्या काही जणांना माझ्याविषयी आपुलकी वाटेल, तर खुशाल वाटू द्या. माझ्या डाव्या कुशीवर लाल रंगाची एक फुली आहे. इतकी वर्षं झाली, ती पुसट झाली पण गेली नाही. दोन्ही अंगांना उचलायला दोराची कडी आहेत, त्यांतलं एक तुटलं आहे. झाकणाच्या आत आरसा आहे, त्याचा पारा कोपऱ्यांतून उडाला आहे. आत हात घातलात तर बोटांना अजून पांढरी भुकटी लागेल. तो सफेदा आहे. मी जबलपूरच्या एका मराठी मंडळाची रंगाची पेटी होते. नाटकाच्या दिवशी नटांच्या तोंडाला जे जे फासतात, ते सारं माझ्या पोटात असे.

खरं सांगायचं तर माझा जन्म त्यासाठी झालाच नव्हता. बासष्ट साली थंडीच्या तोंडावर चीनशी युद्ध पेटलं आणि जबलपूरच्या कारखान्यांचे भोंगे वेळी-अवेळी वाजू लागले. आमच्या कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. या शहरात कारखाने पुष्कळ आहेत, आणि झाल्या गोष्टीचं खापर कोणाच्या डोक्यावर फोडायला मी बसलेली नाही. तिथल्या सुतारशाळेत एका पाळीत शेकडो पेट्या बनत. देवदाराच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या, दोराची कडी. प्रत्येकीच्या पोटात तोफगोळे बसत आणि रेल्वेच्या वाघिणीतून ती सीमेकडे रवाना होई. माझ्या बहिणी अशाच गेल्या. कोणी परत आली नाही.

मला अडवलं ते नीलकंठ देवपुजारी यांनी. ते तिथे तपासनीस होते. अमरावतीकडचा बारीक अंगाचा माणूस, कानामागे पेन्सिल, बोलणं हळू. तयार झालेली प्रत्येक पेटी त्यांच्या टेबलावरून पुढे जायची. माझ्या डाव्या फळीत एक गाठ होती. त्यांनी तिच्यावर अंगठा दाबून पाहिला. मला उलटी केली, सुलटी केली. मागे पेट्यांची रांग तुंबली, माणसं चुळबुळू लागली. तेव्हा नीलकंठांनी उजवा हात वर केला, पंजा उघडा ठेवला आणि म्हणाले, "थांबा हो, एकदा अजून पाहतो."

तिसऱ्यांदा दाबल्यावर गाठ किंचित हलली. ओल शिरली असती तर आतला माल वाया गेला असता आणि त्याच्या भरवशावर लढणाऱ्या जवानाच्या जिवावर बेतलं असतं. नीलकंठांनी माझ्यावर लाल फुली मारली. पुढे नापास लाकूड कामगारांना मिळे तेव्हा रीतसर पास काढून त्यांनी मला सायकलच्या मागे बांधलं आणि मंडळात आणलं. झाकणात आरसा बसवला, बाहेरून कडी-कोयंडा लावला, आत कप्पे केले, ती गाठ डिंक आणि भुसा भरून पक्की केली. ज्याने मला नापास केलं त्यानेच मला घर दिलं. त्या माणसाविषयी मी तटस्थपणे बोलू शकणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमचं मंडळ नेपियर टाउनमध्ये. मंडळात मराठी माणसं दोन तऱ्हांची. एक, ज्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत, त्यांच्या सनदा घेऊन, नर्मदेच्या या अंगाला आले आणि इथेच मुरले. दुसरी, जी नागपूर-अमरावतीकडून कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या नोकरीला आली. पहिले दुसऱ्यांना 'भोंगेवाले' म्हणत आणि दुसरे पहिल्यांना 'सनदवाले'. भांडण असं नव्हतं, पण पंगतीत दोघांचे पाट आपोआप वेगवेगळ्या भिंतींना लागत. वर्षातून एकदाच ही माणसं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसत, ती गणपतीतल्या नाटकाला. त्यातही प्रहसनाला. हसताना कोण सनदवाला आणि कोण भोंगेवाला, हे मला आरशातून कधी ओळखता आलं नाही. म्हणून मला हसणं ही फार मोठी गोष्ट वाटत असे.

नाटकाचे सर्वेसर्वा भय्यासाहेब. कोर्टातून निवृत्त झालेले, सनदवाल्यांतले पक्के सनदवाले. नाटक तेच बसवत, विंगेतून वाक्यंही तेच पुरवत. त्यांनी एक प्रथा पाडली होती, तिला सगळे 'मान' म्हणत. दरवर्षी प्रहसनात मंडळातल्याच एकाची नक्कल व्हायची. ज्याची नक्कल व्हायची त्याने सपत्नीक पहिल्या रांगेत बसायचं आणि शेवटी मंचावर येऊन हार घालून घ्यायचा. रुसायचं नाही. जो रुसला तो कोत्या मनाचा ठरला. मात्र याला एक नियमही होता. आधी त्या माणसाला रंगखोलीत बोलावून सबंध नक्कल दाखवायची. तो जे वगळा म्हणेल ते वगळायचं, मग त्याच्या हातात नारळ द्यायचा. नारळ दिला म्हणजे शब्द दिला.

नक्कल करायचा तो अच्युत. कारखान्याच्या नकाशाखात्यात तो दुसऱ्यांनी काढलेल्या रेषा पातळ कागदावर हुबेहूब उतरवायचा. दिवसभर रेषा आणि संध्याकाळी माणसं. माझ्या आरशासमोर सगळ्यांत जास्त वेळ बसायचा तो तोच. तोंडाला रंग लागायच्या आधीच त्याचा चेहरा दुसऱ्याचा झालेला असे. मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. ही गोष्ट वाईट माणसाची असती तर मला सांगायला सोपी गेली असती.

पासष्ट साली मान नीलकंठांना मिळाला.

तोवर ते पेट्यांवरून बदलून दारूगोळा भरण्याच्या विभागात गेले होते. गोळ्याच्या तोंडाशी बसणारे छोटे भाग त्यांच्या टेबलावरून जात. सीमेवर खटके उडू लागले होते, कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या, आणि दर दिवसाचा आकडा फळ्यावर लिहिला जात होता. अशात ते एका संध्याकाळी कामावरून परस्पर रंगखोलीत आले. पायांत सायकलच्या क्लिपा तशाच होत्या. खोलीत अच्युत, नीलकंठ आणि मी. भय्यासाहेब बाहेर सतरंज्या मोजत होते.

अच्युतने नक्कल सुरू केली. घराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दोन पावलं गेला, परत येऊन ओढलं, फाटकापर्यंत गेला, कपाळाला हात लावून पुन्हा आला. मग स्टोव्ह. विझवला, वाकून पाहिला, फुंकर मारली, कान लावून ऐकला. नीलकंठ हसून हसून खाली बसले.

"अगदी असाच करतो काय मी?"

"तर काय! वहिनींना विचारा घरी गेल्यावर."

मग अच्युत ताठ उभा राहिला. एक डोळा बारीक केला, उजवा हात वर नेला, पंजा उघडला. "थांबा हो, एकदा अजून पाहतो."

हुबेहूब होतं. मला क्षणभर माझी गाठ दुखल्यासारखी वाटली. पण नीलकंठांचं हसू थांबलं होतं.

"अच्युतभाऊ, बाकी सगळं करा. कामाचं तेवढं सोडा."

"काहून? तेच तर सगळ्यांत बढिया आहे."

"बढियाच आहे. पण तिथं माझ्या मागे चाळीस लोक उभे राहतात. आताच म्हणून राहिले, देवपुजारी माल अडवतो, आकडा पुरा होऊ देत नाही. मी हात वर केला का त्यांची तोंडं वाकडी होतात. ते चालते. वाकडं तोंड मी पाहत नाही. पण उद्या ते हसू लागले, तर माझा हात वर नाही जाणार. मी मला ओळखतो न भाऊ. मी भित्रा माणूस आहे."

एवढं लांब बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. अच्युतने त्यांचा हात हातात घेतला. "सोडलं. गणपतीची शपथ. कुलूप आणि स्टोव्ह, बस. चलो, नारळ घ्या."

नीलकंठांनी नारळ घेतला. जाताना सवयीने माझी कडी लावली आणि तीनदा ओढून पाहिली. दोघेही पुन्हा हसले. त्या खोलीत शब्द दिला गेला याला तिसरी साक्षीदार मी. पण लाकडाची साक्ष कोण काढतं?

गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी नाटक होतं. मला विंगेत एका स्टुलावर ठेवलं होतं, झाकण उघडं. आरशात मंचाची एक पट्टी दिसे आणि पहिल्या रांगेचा एक कोपरा. त्या कोपऱ्यात नीलकंठ बसले होते, धुवट सदरा घालून, आणि शेजारी त्यांची बायको अनसूया, अंबाड्यात अबोलीचा गजरा.

कुलपाला हॉल हसला. स्टोव्हला हॉल कोसळला. कारखान्यातली माणसं कितीतरी दिवसांनी हसत होती. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलेलं होतं आणि ती बाकं बडवत होती. नक्कल इथे संपायची होती. समोरच्या विंगेतून भय्यासाहेबांनी पुढचं वाक्य दिलं. अच्युतने ते घेतलं नाही. भय्यासाहेबांनी पुन्हा दिलं. मी अच्युतकडे पाहिलं. उपाशी माणसाच्या पानात वाफाळता भात पडावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. अजून थोडं हवं होतं त्याला.

त्याने उजवा हात वर नेला आणि पंजा उघडला.

एक क्षण कोणी हसलं नाही. मग कारखानावाल्यांना ओळख पटली आणि सबंध हॉल उठला. "थांबा हो, एकदा अजून पाहतो!" अच्युतने ते तीनदा केलं. प्रत्येक वेळी हसू वाढलं. मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहिले. नीलकंठही हसत होते. रुसायचं नसतं ना! ते हसत होते आणि मांडीवरचे दोन्ही हात त्यांनी एकमेकांत घट्ट अडकवून ठेवले होते. शेवटी त्यांना मंचावर नेलं, हार घातला. लोक ओरडले, "हात वर करा, हात वर करा!" त्यांनी नमस्कार केला आणि खाली उतरले.

रंगखोलीत अच्युत त्यांच्या समोर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग घामाने उतरला होता. "भाऊ, निघून गेलं तोंडातून. लोक सोडूनच नव्हते राहिले."

"हो हो," नीलकंठ म्हणाले. "मजा आली लोकांना."

तीन दिवसांनी पाकिस्तानशी उघड युद्ध सुरू झाल्याची बातमी रेडिओवर आली. मंडळाच्या खिडक्यांना काळे कागद लागले. विसर्जन साधेपणाने करायचं ठरलं. आणि ते वाक्य? ते नाटकातून बाहेर पडून गावभर झालं. मंडळात येणारे लोक हसत हसत सांगायचे आणि मी ऐकायची. पानवाला चुना लावताना म्हणतो, एकदा अजून पाहतो. क्वार्टर्समधली पोरं नीलकंठांची सायकल दिसली की हात वर करून उभी राहतात. कारखान्यात तर हिंदीतूनही सुरू झालं होतं. नथ्थू नावाचा सिहोऱ्याकडचा एक कामगार होता, माल ढकलगाडीवरून पुढे न्यायचा. तो नीलकंठांना फार मानायचा. तोसुद्धा म्हणायचा, "देवपुजारी जी, एक बार और देख लें?" यात कोणाच्याही मनात पाप नव्हतं. लोक दमलेले होते आणि त्यांना हसायला एक वाक्य मिळालं होतं.

विसर्जनाच्या दिवशी नीलकंठ सामान आवरायला आले. रंगाच्या बाटल्या पुसून माझ्या कप्प्यांत नीट लावल्या. झाकण मिटलं, कडी लावली, एकदा ओढली. दुसऱ्यांदा ओढायला हात पुढे आला आणि अर्ध्या वाटेत थांबला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तरी त्यांनी दाराकडे पाहिलं. मग हात खिशात घातला आणि निघून गेले. मी आतून ओरडत होते, ओढा, ओढा, दोनदा ओढा. पण आम्हा वस्तूंचं ओरडणं तुम्हाला ऐकू येत नाही.

युद्धाच्या बाराव्या दिवशी, दुपारी, दूरवर एक आवाज झाला. माझ्या पोटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. खिडकीचा काळा कागद फाटला. भर दुपारी भोंगा सुरू झाला आणि तो थांबेचना. अशा भोंग्याचा अर्थ जबलपूरच्या बायकांना कोणी शिकवावा लागत नाही. रस्त्यावरून त्या चपला न घालता पळत होत्या, कारखान्याच्या दिशेने.

तीन माणसं गेली. त्यांतले एक नीलकंठ.

पुढे चौकशी झाली. अपघाताचं कारण निश्चित करता आलं नाही, असं तिच्या अहवालात लिहिलं होतं. भय्यासाहेबांनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा अच्युत माझ्यासमोरच बसला होता.

"ऐकलंस? कारण कळलेलं नाही. उगीच मनाला लावून घेऊ नकोस. तू काय दारू भरत होतास तिथे?"

"नाही भय्यासाहेब. मी फक्त त्यांचा हात खाली आणला."

"पुरे झालं! काहीही बोलू नकोस."

अच्युत उठला आणि नथ्थूला घेऊन आला. नथ्थू त्या दिवशी गाडी घेऊन बाहेर पडला होता, म्हणून वाचला होता. त्याच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं. अच्युत म्हणाला, "मला सांगितलं ते यांना सांग." नथ्थू दारातच उभा राहिला.

"मैं गाड़ी लेकर निकल रहा था बाबूजी। देवपुजारी जी ने एक ट्रे रोकी। हाथ उठाया, आधा। पीछे कोई हँस दिया। उन्होंने हाथ नीचे कर लिया और ट्रे आगे सरका दी। बस, इतना ही देखा।"

कोण हसलं ते त्याने सांगितलं नाही. तो मान खाली घालून उभा होता, आणि अच्युतने विचारलं नाही. त्याच ट्रेमध्ये दोष होता की दुसऱ्या कशात, हे देवाला ठाऊक. कदाचित त्या ट्रेचा काही संबंध नसेलही. अच्युतला कोणी 'तूच केलंस' म्हटलं असतं तर तो रडून मोकळा झाला असता. कोणी 'तू नाही' असं पटवून दिलं असतं तरी जगला असता. यातलं काहीच कोणाला करता आलं नाही.

त्याने नाटक सोडलं. मंडळात यायचा, सतरंज्या घालायचा, खुर्च्या लावायचा, माझ्याकडे पाहायचा नाही. अनसूयावहिनींना कारखान्याच्या कचेरीत नोकरी मिळाली. त्या अधारतालला राहायला गेल्या आणि मंडळात यायच्या बंद झाल्या. 'मान' बंद पडला. पण वाक्य बंद पडलं नाही. नवे लोक आले, नवे कारखाने निघाले, नवी घरं झाली. त्यांच्यापर्यंत ते वाक्य पोचलं, फक्त ते कोणाचं, हे पोचलं नाही. लोक म्हणायचे, अच्युतचं वाक्य.

एकाहत्तरचा गणपती आला. युद्ध अजून सुरू व्हायचं होतं, पण कारखान्यात ते आधीच सुरू झालं होतं. पुन्हा बारा तासांच्या पाळ्या, पुन्हा फळ्यावर आकडे. भय्यासाहेब आता काठी टेकत चालायचे. त्यांनी अच्युतला बोलावलं.

"लोक पार पिळून निघाले आहेत. दोन तास हसव त्यांना. तेवढंच तुझ्याकडून होण्यासारखं आहे."

"मला नाही जमत आता."

"जमत कसं नाही? नक्कल करू नकोस. बहिऱ्या घरमालकाचं काम कर. मी विनंती करून राहिलो आहे, अच्युत." सनदवाले भय्यासाहेब कधी भोंगेवाल्यांसारखं बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

अच्युत सहा वर्षांनी माझ्यासमोर बसला. त्याने सफेदा घेतला. आरशात मला त्याचा चेहरा दिसला. तो कोणाचाच नव्हता, त्याचा स्वतःचाही नाही.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात घरमालक बाहेर जाताना दाराला कुलूप लावतो, असा साधा प्रसंग होता. कुलपावरून लोकांना जुनी नक्कल आठवेल, हे भय्यासाहेबांच्या लक्षात आलं नाही, अच्युतच्याही आलं नाही. त्याने कुलूप हातात घेतलं मात्र, मागून कोणीतरी ओरडलं, "एकदा अजून पाहतो!" हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या. "वाक्य! वाक्य!" सगळे एका सुरात मागू लागले.

अच्युत कुलूप घेऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, तो थांबून गंमत वाढवतो आहे. ते आणखी हसले. मग तो मंचाच्या कडेपर्यंत आला.

"ते वाक्य माझं नाही," तो म्हणाला. "नीलकंठ देवपुजारींचं आहे."

हशा.

"त्यांनी मला हात जोडून सांगितलं होतं, कामाचं तेवढं सोडा. मी शब्द दिला. मग इथे उभं राहून मोडला."

लोक पोट धरून हसत होते. बहिरा घरमालक भलतंच बडबडतो आहे, असं त्यांना वाटलं असावं. अच्युतने हात जोडले. "हसू नका हो. ते गेले. मी खरं बोलून राहिलो." डोळ्यांतलं पाणी रंगातून खाली ओघळत होतं, आणि कोणीतरी मागून म्हणालं, "वा! क्या एक्टिंग है!" जुन्या लोकांपैकी काहींनी माना खाली घातल्या. काही हसत राहिले, कारण शेजारचा हसत होता. मित्रांनो, ज्या तोंडाने जन्मभर हसवलं, त्या तोंडातून खरं बाहेर पडलं तरी त्याचं हसूच होतं. त्या संध्याकाळी विंगेतून मी हे माझ्या आरशात पाहिलं. शेवटी भय्यासाहेबांनीच दोर सोडून पडदा पाडला. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या.

अच्युत रंगखोलीत आला आणि माझ्यासमोर बसून राहिला. तोंड पुसलं नाही. दारात कोणीतरी उभं होतं. अनसूयावहिनी. सहा वर्षांनी त्या पहिल्यांदाच मंडळात आल्या होत्या. का आल्या होत्या, कोण जाणे. केस पांढरे व्हायला लागले होते.

"वहिनी," अच्युत उठला. "तुम्ही ऐकलं?"

"ऐकलं, भावजी. पण मला ते माहीत होतं."

"माहीत होतं?"

"त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. सायकलवर मागे बसले होते मी, घरी जाताना. म्हणाले, अच्युतने शब्द दिला होता ग. मी म्हटलं, काहून एवढं मनाला लावून घेता? मजाक आहे. सगळेच तर हसले." त्या थांबल्या. "तर म्हणाले, सगळ्यांचं काही नाही. तू पण हसलीस."

बाहेर खुर्च्या आवरल्याचे आवाज येत होते.

"हसले होते मी," त्या म्हणाल्या. "खूप हसले. इतकं हुबेहूब केलं तुम्ही. बाजूला वळून पाहिलंच नाही त्यांच्याकडे. त्या दिवसापासून घराचं कुलूपसुद्धा ते एकदाच ओढत. मी दारात उभी राहून पाहायची. म्हणावंसं वाटायचं, ओढा न अजून एकदा, तुमच्या सवयीनं. म्हटलं नाही. वाटलं, विसरतील हळूहळू."

अच्युत खाली बसला. "वहिनी, मला माफ करा."

"करते न भावजी. एका शब्दात करते." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "पण मी कोणाला मागू, ते सांगा."

त्या दारातूनच परत फिरल्या. त्यानंतर दोघांपैकी कोणीही त्या खोलीत पुन्हा आलं नाही.

डिसेंबरात युद्ध झालं, संपलं, आपण जिंकलो, पेढे वाटले गेले. अच्युत बदली मागून गाव सोडून गेला. मला एकदा कोणाच्या तरी पत्रातून कळलं की तो वारला. भय्यासाहेबही गेले. आता मंडळातली मुलं मराठी समजतात, बोलायला मात्र लाजतात. मला कोठीत, जुन्या सतरंज्यांखाली ठेवलं आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाची एक पुस्तिका निघाली होती, तिची प्रत माझ्या पोटातच टाकून दिली आहे. तिच्यात अच्युतचा फोटो आहे, हात वर केलेला. खाली लिहिलं आहे, 'आमचे हास्यसम्राट आणि त्यांचं अजरामर वाक्य'. नीलकंठ देवपुजारींचं नाव त्या पुस्तिकेत कुठेही नाही. मी पान न पान पाहिलं आहे, कारण दुसरं करण्यासारखं मला काही उरलेलं नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. मला पुसा, रंग द्या, फेकू नका, असं. मला तसलं काही नको. माझी फळी कुजली तरी चालेल. मी हसू नका असंही म्हणत नाही. हसण्यानेच सनदवाले आणि भोंगेवाले एका बाकावर बसले, हे मी पाहिलं आहे. माझं मागणं एवढंच की ज्याच्यावर हसायचं त्याने काकुळतीला येऊन एखादी गोष्ट सोडायला सांगितली असेल, तर ती सोडा. बाकीचा सबंध माणूस तुमच्या हसण्याला मोकळा असतो. तो फार थोडं मागत असतो, आणि जे मागतो त्यावरच तो उभा असतो.

मी हे सांगते आहे खरी. पण मी तेव्हा विंगेत होते, हसणाऱ्या तोंडासारखं झाकण उघडं टाकून. एकदा टाळ्या सुरू झाल्या की कोणाला काही ऐकू येत नाही.